नोंद कायम केव्हा होते? सातारा-सांगली परिसरातील दप्तरपरंपरा आणि संगणकीय सत्रातील बदलांचे जतन : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

मजकूर लिहिला गेला म्हणजे तो कायम झाला, असा सर्वसाधारण समज असतो. दप्तराशी ज्यांचा नित्य संबंध येतो त्यांना मात्र हा समज अपुरा असल्याचे ठाऊक असते. लिहिणे, तपासणे, मान्य करणे आणि कायम करणे या वेगवेगळ्या क्रिया आहेत. त्या वेगवेगळ्या वेळी घडतात आणि त्यांच्या दरम्यानच्या काळात नोंदीचे स्वरूप संदिग्ध राहते. सातबाऱ्यावर नाव लागण्याची वाट पाहणाऱ्या शेतकऱ्याला हा दरम्यानचा काळ किती महत्त्वाचा असतो, हे कृष्णाकाठच्या कोणत्याही गावात सहज कळते.

हाच प्रश्न गेल्या पंचवीस वर्षांत संगणकशास्त्राच्या विद्यार्थ्यांपुढे निराळ्या रूपात उभा राहिला आहे. ऑब्जेक्ट-रिलेशनल मॅपिंग, म्हणजे संक्षेपाने ओआरएम, या तंत्रात विद्यार्थी आज्ञावलीतील एखाद्या वस्तूचे मूल्य बदलतो. बदललेले मूल्य त्याला पडद्यावर दिसते. प्रत्यक्ष डेटाबेसमध्ये मात्र ते पोहोचलेले असेलच असे नाही. पोहोचले तरी ते कायम झाले असेलच असेही नाही. 'बदल केला, दिसलाही, मग गेला कुठे?' हा प्रश्न सांगलीच्या वालचंद अभियांत्रिकी महाविद्यालयात (स्थापना १९४७) किंवा कराडच्या शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालयात (स्थापना १९६०) जितका स्वाभाविक, तितकाच जगातील अन्य कोणत्याही प्रयोगशाळेत.

प्रस्तुत लेखात या दोन प्रश्नांचा एकत्रित विचार केला आहे. सातारा आणि सांगली या जिल्ह्यांच्या दप्तराचा इतिहास, १९७० नंतर विकसित झालेली डेटाबेसमधील व्यवहार-संकल्पना आणि भूमी अभिलेखांचे संगणकीकरण हे तीन धागे येथे क्रमाने तपासले आहेत. या परंपरांमधील साम्य वरवरचे नाही, तसेच ते संपूर्णही नाही. साम्य कोठे संपते हे पाहणे या लेखात विशेष महत्त्वाचे मानले आहे.

१. खर्डा, कीर्द, खतावणी आणि मोर्तब

१७०८ मध्ये शाहू महाराजांचा साताऱ्यात राज्याभिषेक झाला आणि सातारा हे मराठी राज्याचे अधिकृत केंद्र बनले. पुढे कारभाराची सूत्रे पुण्याकडे गेली, तरी छत्रपतींचे दप्तर आणि पेशव्यांचे दप्तर यांची लेखनपद्धती एकाच वळणाची राहिली. या दप्तरांतील रोजनिशांचे उतारे रावबहादूर गणेश चिमणाजी वाड यांनी निवडले व ते विसाव्या शतकाच्या आरंभी प्रसिद्ध झाले. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांनी १९०० मध्ये याच रोजनिशांचे ऐतिहासिक महत्त्व विशद केले होते. सांगली परिसरात वासुदेवशास्त्री खरे यांनी मिरजेस राहून पटवर्धन घराण्याच्या कागदपत्रांतून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' सिद्ध केला. साताऱ्यात दत्तात्रय बळवंत पारसनीस यांनी कागदपत्रांचा मोठा संग्रह उभारला. या अभ्यासकांमुळे दप्तरातील मजकुराकडे पुष्कळ लक्ष गेले. त्या मानाने दप्तराच्या रीतीकडे कमी गेले.

ही रीत टप्प्याटप्प्याची होती. आधी कच्चा खर्डा तयार होई. खर्ड्यात खाडाखोड चाले, कारण तो अजून कोणालाही बांधील नसे. दिवसाचे व्यवहार तारखेच्या क्रमाने रोजकीर्दीत येत. कीर्दीवरून खातेवार मजकूर खतावणीत उतरवला जाई. येथे क्रम महत्त्वाचा आहे. खतावणी हरवली तर कीर्दीवरून ती पुन्हा बांधता येते. कीर्द हरवली तर खतावणीतील शिल्लक आकडा कळतो, पण तो कसा झाला हे कळत नाही. घडलेला व्यवहार आधी कालक्रमाने लिहावा आणि मगच खात्याची स्थिती बदलावी, हे तत्त्व पेढीवरील मुनीम आणि दरबारातील कारकून दोघेही पाळत.

पत्रव्यवहारात याच तत्त्वाचे आणखी एक रूप दिसते. राजपत्राच्या शिरोभागी मुख्य शिक्का आणि मजकूर संपतो तेथे मोर्तब, अशी मराठी राज्यातील पद्धत होती. मोर्तब म्हणजे समाप्तीची मुद्रा. मजकुराची मर्यादा येथे संपली, यापुढे कोणी अक्षर वाढवू नये, असा तिचा हेतू. मोर्तब होईपर्यंत लिहिलेले पत्र हे केवळ लेखन होते. मोर्तब झाल्यावर ते आज्ञा बनत असे. मराठीत 'शिक्कामोर्तब होणे' हा वाक्प्रचार निर्णय पक्का होण्याच्या अर्थाने रूढ झाला तो या रीतीमुळेच. एखादा निर्णय चर्चेत असणे आणि त्यावर शिक्कामोर्तब होणे यांतील अंतर मराठी माणूस बोलण्यातही सहज पाळतो.

२. संस्थाने, जिल्हे आणि जमिनीचे दप्तर

१८१८ नंतर इंग्रजांनी प्रतापसिंह महाराजांना साताऱ्याच्या गादीवर बसवले. १८३९ मध्ये त्यांना पदच्युत करून त्यांचे बंधू शहाजी ऊर्फ अप्पासाहेब यांच्याकडे राज्य दिले. अप्पासाहेब १८४८ मध्ये निवर्तले. त्यांनी घेतलेले दत्तक नामंजूर करून डलहौसीच्या काळात हे राज्य खालसा करण्यात आले. सांगलीचा इतिहास वेगळा आहे. मिरजेच्या पटवर्धनांत वाटणी होऊन १८०१ मध्ये चिंतामणराव पटवर्धनांनी सांगली ही आपली राजधानी केली. हे संस्थान १९४८ मध्ये विलीन होईपर्यंत टिकले.

जमिनीच्या नोंदींवर या राजकीय इतिहासाचा थेट परिणाम झाला. मुंबई इलाख्यात विंगेट आणि गोल्डस्मिड यांनी १८३६ मध्ये इंदापूर तालुक्यापासून नव्या मोजणीची पद्धत घालून दिली व १८४७ च्या संयुक्त अहवालाने तिला निश्चित रूप मिळाले. प्रत्येक क्षेत्राला सर्व्हे नंबर, त्याचा आकार, आणि तो भरण्यास जबाबदार असा एक खातेदार, अशी ही रचना होती. १८७९ च्या मुंबई जमीन महसूल अधिनियमाने ती बळकट केली. सरकारला सारा कोणाकडून घ्यावयाचा हे या दप्तरातून कळे. परंतु त्या जमिनीत आणखी कोणाचा हिस्सा आहे, ती कोणाकडे गहाण आहे, कसणारा कोण आहे, हे त्यातून कळत नसे. प्रत्यक्ष व्यवहार होत राहिले आणि दप्तर जुन्याच नावावर थांबले.

हे अंतर भरून काढण्यासाठी १९०३ चा मुंबई जमीन हक्क नोंद अधिनियम आला. १९१३ मध्ये त्यातील तरतुदी महसूल अधिनियमातच समाविष्ट करण्यात आल्या. आता दप्तरात दोन गोष्टी आल्या. पहिली म्हणजे हक्काची सद्यःस्थिती दाखवणारे अधिकार अभिलेख पत्रक. दुसरी म्हणजे त्या स्थितीत होणारे बदल क्रमाने नोंदवणारी फेरफार नोंदवही. पुढे गाव नमुना सात आणि गाव नमुना सहा म्हणून ओळखली जाणारी ही दोन पुस्तके वस्तुतः खतावणी आणि कीर्द यांचेच नवे रूप होत.

स्वातंत्र्यानंतर या दप्तरांपुढे एकत्रीकरणाचा प्रश्न आला. मार्च १९४८ मध्ये दख्खनची संस्थाने मुंबई प्रांतात विलीन झाली. १९४९ मध्ये सातारा जिल्ह्याचे विभाजन होऊन दक्षिण सातारा जिल्हा निर्माण झाला व १९६० मध्ये त्याला सांगली हे नाव मिळाले. या जिल्ह्यात वाळवा, तासगाव, खानापूर, शिराळा असा जुन्या खालसा साताऱ्याचा मुलूख होता. त्याला सांगली, मिरज, जत आणि औंध या संस्थानांचे प्रदेश येऊन मिळाले. आटपाडी पूर्वी औंध संस्थानात होती. वेगवेगळ्या दरबारांची दप्तरे एका जिल्ह्याच्या चौकटीत आली. विलीनीकरणाची तारीख एक असली तरी दप्तरांचे एकत्रीकरण त्या एका तारखेस होणे शक्य नव्हते. राजकीय बदल एका क्षणी अमलात येतो आणि नोंदींत तो हळूहळू उतरतो, याचे हे ठळक उदाहरण होय.

दुसरे उदाहरण कूळकायद्याचे आहे. १९४८ च्या मुंबई कूळवहिवाट व शेतजमीन अधिनियमात नंतर झालेल्या दुरुस्तीनुसार १ एप्रिल १९५७ हा कृषक दिन ठरला. कायद्यातील अटी पूर्ण करणारे कूळ त्या दिवशी जमिनीचे खरेदीदार झाल्याचे मानले गेले. कायद्याच्या दृष्टीने बदल त्या दिवशी झाला. किंमत ठरणे, ती भरणे, प्रमाणपत्र मिळणे आणि सातबाऱ्यावर मालक म्हणून नाव लागणे हे मात्र पुढे केव्हातरी झाले. या दोन तारखांमधील पोकळीतून असंख्य दावे निर्माण झाले.

३. फेरफार : पेन्सिल, शाई आणि कंस

महाराष्ट्र जमीन महसूल संहिता १९६६ मध्ये संमत झाली व १५ ऑगस्ट १९६७ पासून अमलात आली. तिच्या कलम १४९ नुसार जमिनीत हक्क प्राप्त करणाऱ्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्यास (२०२४ पासून ग्राम महसूल अधिकारी) कळवावयाचे असते. कलम १५० नुसार तलाठी फेरफार नोंदवहीत नोंद घेतो, तिची प्रत चावडीत लावतो आणि हितसंबंधितांना नोटीस देतो. हरकतीसाठी पंधरा दिवसांचा अवधी असतो. हरकत आली तर प्रकरण विवादग्रस्त प्रकरणांच्या नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना सहा-अ मध्ये जाते. हरकत नसल्यास किंवा तिचा निकाल लागल्यावर सामान्यतः मंडल अधिकारी नोंद प्रमाणित करतो अथवा रद्द करतो. प्रमाणित नोंद ही विरुद्ध सिद्ध होईपर्यंत खरी मानावी, असे कलम १५७ सांगते.

हस्तलिखित सातबाऱ्याच्या काळातील एक रीत या संदर्भात लक्षणीय आहे. फेरफार नोंदला गेला पण प्रमाणित झाला नाही, अशा स्थितीत सातबाऱ्यावर त्याची नोंद पेन्सिलीने केली जाई. प्रमाणित झाल्यावर ती शाईने कायम होई. रद्द झाल्यास पेन्सिलीची नोंद पुसली जाई. जुन्या खातेदाराचे नाव मात्र खोडले जात नसे. त्याला कंस केला जाई आणि नव्या नावापुढे फेरफाराचा क्रमांक वर्तुळात लिहिला जाई. त्यामुळे आजचा धारक कोण हे कळे, पूर्वीचा कोण होता हेही कळे, आणि बदल कशाच्या आधारे झाला हे फेरफार नोंदवहीत पाहता येई.

या व्यवस्थेतील धोका पेन्सिलीच्या नोंदीच्या काळात आहे. एखाद्या खरेदीदाराने नोंदणीकृत खरेदीखत करून घेतले, पण फेरफार प्रमाणित झाला नाही, तर सातबाऱ्यावर विकणाऱ्याचेच नाव राहते. तो उतारा दाखवून तीच जमीन दुसऱ्यास विकण्याचा किंवा तीवर कर्ज काढण्याचा प्रयत्न होऊ शकतो. वारसाच्या बाबतीत हा धोका अधिक असतो. खातेदार मृत होताच वारसांचा हक्क उत्पन्न होतो, परंतु नावे लागण्यास विलंब होतो. या विलंबात घरातील कर्त्या पुरुषाचे एकट्याचे नाव लागले, तर बहिणींना आपला हक्क पुढे कज्जा करून सिद्ध करावा लागतो. २००५ च्या हिंदू उत्तराधिकार दुरुस्तीने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा जन्मसिद्ध हक्क दिल्यानंतर या विलंबाचे गांभीर्य आणखी वाढले.

येथे एक भेद स्पष्ट करणे आवश्यक आहे. फेरफाराने मालकी निर्माण होत नाही. महसुली नोंद ही साऱ्यासाठी असते, ती स्वतः मालकी देत नाही वा हिरावून घेत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाने वेळोवेळी स्पष्ट केले आहे. शंभर रुपये व त्याहून अधिक किमतीच्या स्थावर मिळकतीची विक्री १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमानुसार नोंदणीकृत दस्तानेच होते. शिवाय १९०८ च्या नोंदणी अधिनियमाच्या कलम ४७ नुसार दस्त नोंदणीच्या तारखेपासून नव्हे, तर नोंदणीची गरज नसती तर ज्या वेळेपासून लागू झाला असता त्या वेळेपासून परिणामकारक ठरतो. म्हणजे एकाच व्यवहारात दस्त करून देणे, तो नोंदला जाणे, फेरफार लिहिला जाणे आणि तो प्रमाणित होणे असे चार क्षण येतात. 'जमीन नावावर झाली' या लोकभाषेतील एका वाक्यात हे चारही क्षण मिसळलेले असतात.

४. व्यवहार-संकल्पनेचा उदय

एडगर कॉड यांनी १९७० मध्ये संबंधाधारित डेटाबेसचा सिद्धांत मांडला. त्यानंतर आयबीएमच्या सॅन होजे येथील प्रयोगशाळेत सिस्टिम आर हा प्रकल्प उभा राहिला. एकाच वेळी अनेक वापरकर्ते माहिती बदलू लागले, आणि मध्येच वीज गेली, तर अर्धवट बदलांचे काय करायचे, हा तेथील एक मुख्य प्रश्न होता. त्याच प्रकल्पातील जिम ग्रे यांनी १९८१ च्या आपल्या निबंधात व्यवहार-संकल्पनेचा सविस्तर ऊहापोह केला. १९८३ मध्ये थिओ हेर्डर आणि आंद्रेआस रॉयटर यांनी अखंडता, सुसंगती, अलगता आणि चिरस्थायित्व या चार गुणांना 'ॲसिड' हे संक्षिप्त नाव दिले.

ग्रे यांच्या निबंधातील दोन गोष्टी येथे उल्लेखनीय आहेत. व्यवहाराची कल्पना त्यांनी कराराच्या कायद्यातून आणली. दोन पक्ष वाटाघाटी करतात तोवर कोणी बांधील नसतो. सह्या झाल्या की दोघेही बांधील होतात. दुसरी गोष्ट म्हणजे हिशेबनिसाची रीत. वहीतील आकडा खोडायचा नाही, चूक झाली तर तिची नोंद करून भरपाईची नवी नोंद घालायची, या जुन्या शिस्तीकडे त्यांनी लक्ष वेधले. सातबाऱ्यावरील कंस हे याच शिस्तीचे देशी रूप होय. डेटाबेसमध्ये मूळ तक्त्यातील माहिती कायमस्वरूपी बदलण्याआधी तो बदल लॉगमध्ये लिहिण्याची पद्धत रूढ झाली. आधी कीर्द, मग खतावणी, हाच तो क्रम. यंत्र बंद पडल्यास लॉगवरून माहिती पुन्हा उभी करता येते.

५. ओआरएम सत्र : बदल केव्हा जतन होतो

वस्तुनिष्ठ आज्ञावलीतील वस्तू आणि डेटाबेसमधील तक्ते यांची रचना भिन्न असते. त्यांच्यात दुवा साधण्याचे काम ओआरएम करते. टॉपलिंक हे साधन १९९० च्या दशकात आधी स्मॉलटॉकसाठी व नंतर जावासाठी आले. २००१ मध्ये गॅव्हिन किंग यांनी हायबरनेट सुरू केले. २००२ मध्ये मार्टिन फाउलर यांनी आपल्या ग्रंथात 'युनिट ऑफ वर्क' ही रचना शब्दबद्ध केली. झालेले सर्व बदल एका ठिकाणी टिपून ठेवायचे आणि शेवटी एकत्रितपणे डेटाबेसकडे पाठवायचे, असे तिचे सार आहे. २००६ मध्ये जावा पर्सिस्टन्स एपीआय हे प्रमाणक आणि पायथॉनसाठी माइक बेयर यांचे एसक्यूएलअल्केमी ही दोन्ही प्रसिद्ध झाली.

या साधनांतील सत्र हे युनिट ऑफ वर्कचे मूर्त रूप आहे. त्यात बदलाच्या तीन अवस्था वेगळ्या ओळखाव्या लागतात.

पहिली अवस्था स्मृतीतील बदलाची. आज्ञावली वस्तूचे मूल्य बदलते आणि सत्र त्या वस्तूवर 'बदललेली' अशी खूण करते. डेटाबेसला अद्याप काहीही कळलेले नसते. ही खर्ड्याची अवस्था होय.

दुसरी अवस्था फ्लशची. सत्र साठवलेले बदल एसक्यूएल आज्ञांच्या रूपाने डेटाबेसकडे पाठवते. चालू व्यवहारात ते बदल दिसू लागतात. परंतु व्यवहार पूर्ण झालेला नसतो, म्हणून इतर वापरकर्त्यांना ते सामान्यतः दिसत नाहीत. ही पेन्सिलीच्या नोंदीची अवस्था होय. विद्यार्थ्यांचा गोंधळ प्रामुख्याने येथेच होतो. त्याच सत्रात पुन्हा विचारणा केल्यावर बदललेली माहिती मिळते, आणि ती जतन झाली असा समज होतो. कमिट न करता सत्र बंद झाले की ती नाहीशी होते.

तिसरी अवस्था कमिटची. येथे व्यवहार पूर्ण होतो, बदल कायम होतात आणि इतरांना दिसू लागतात. यालाच शिक्कामोर्तब म्हणता येईल. कमिटऐवजी रोलबॅक झाल्यास त्या व्यवहारातील सर्व बदल रद्द होतात.

फ्लश केव्हा होतो, हे जाणणे विशेष गरजेचे आहे. आज्ञावलीने स्पष्ट सांगितल्यावर तो होतो. कमिटच्या आधी तो आपोआप होतो. आणि ऑटोफ्लश चालू असल्यास, ज्या विचारणेचे उत्तर प्रलंबित बदलांमुळे चुकू शकेल अशी विचारणा करण्यापूर्वीही तो होतो. त्यामुळे मूल्य ज्या ओळीत बदलले तेथे त्रुटी न दाखवता ती पुढे कोठेतरी, साध्या वाचनाच्या ओळीत, प्रकट होऊ शकते. आणखी एक अपवाद ध्यानात घ्यावा लागतो. प्राथमिक क्रमांक डेटाबेसनेच द्यावयाचा असेल, तर हायबरनेट नवी वस्तू सत्रात घेताच बहुधा लगेच ओळ घालते, कारण क्रमांकाशिवाय वस्तूची ओळख पटत नाही.

सर्व साधने याच रीतीने चालत नाहीत. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या जँगोमध्ये वस्तूची 'सेव्ह' ही आज्ञा लगेच एसक्यूएल पाठवते, आणि १.६ या आवृत्तीपासून (२०१३) प्रत्येक आज्ञा पूर्वनियोजितपणे आपोआप कमिट होते. अनेक बदल एकत्र बांधायचे असल्यास ते 'ॲटॉमिक' या गटात ठेवावे लागतात आणि गट यशस्वीपणे संपल्यावरच ते कायम होतात. म्हणून 'सेव्ह म्हणजे जतन' हे समीकरण एका साधनात बव्हंशी खरे आणि दुसऱ्यात खोटे ठरू शकते.

रोलबॅकनंतर स्मृतीतील वस्तूंचे काय होते, हाही प्रश्न दुर्लक्षित राहतो. डेटाबेस पूर्वस्थितीत जातो, पण स्मृतीतील वस्तू आपोआप पूर्वस्थितीत जातेच असे नाही. एसक्यूएलअल्केमी अशा वस्तूंची मूल्ये कालबाह्य ठरवून पुढील वाचनाच्या वेळी ती नव्याने आणते. हायबरनेटच्या बाबतीत त्रुटी आल्यास ते सत्र टाकून नवे घ्यावे, असा संकेत आहे. चावडीत फेरफार रद्द झाला तरी खरेदीदाराच्या खिशातील जुना उतारा बदलत नाही, तशीच ही स्थिती.

६. संगणकीकृत सातबारा

भूमी अभिलेख संगणकीकरणाची केंद्र पुरस्कृत योजना १९८८-८९ मध्ये देशातील आठ जिल्ह्यांत प्रायोगिक स्वरूपात सुरू झाली. त्यांत महाराष्ट्रातील वर्धा जिल्हा होता. २००८ मध्ये राष्ट्रीय भूमी अभिलेख आधुनिकीकरण कार्यक्रम आला आणि पुढील दशकात महाराष्ट्रात ई-फेरफार प्रणाली राबवण्यात आली. हस्तलिखित आणि संगणकीकृत सातबारा जुळतात की नाही हे तपासण्यासाठी २०१७ मध्ये गावोगावी चावडी वाचन झाले. दप्तरातील नोंद गावासमोर वाचून दाखवण्याचा हा उपक्रम नव्या यंत्रणेसाठी जुन्या साधनाचा आधार घेणारा होता. १ मे २०१८ पासून डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा उपलब्ध झाला. २०२० मध्ये सातबाऱ्याचा नमुना सुधारण्यात आला.

सुधारित नमुन्यात दोन बाबी स्वतंत्रपणे दिसतात : शेवटच्या फेरफाराचा क्रमांक व दिनांक, आणि प्रलंबित फेरफार. व्यवहार-संकल्पनेच्या दृष्टीने या दोन्ही अर्थपूर्ण आहेत. पहिली बाब आवृत्तिक्रमांकासारखी आहे. कर्ज देणाऱ्या संस्थेने जवळच्या उताऱ्यावरील क्रमांक आजच्या उताऱ्याशी ताडून पाहिला, तर मध्यंतरी बदल झाला की नाही हे कळते. ओआरएममध्ये दोन वापरकर्ते एकच ओळ बदलू लागल्यास नेमकी हीच युक्ती वापरली जाते. जुना आवृत्तिक्रमांक घेऊन आलेला बदल नाकारला जातो. दुसरी बाब पेन्सिलीच्या नोंदीची वारस आहे. फरक इतकाच की, ती पुसट अक्षरात नसून स्वतंत्र रकान्यात स्पष्ट आहे.

दस्तनोंदणी आणि अधिकार अभिलेख ही दोन स्वतंत्र दप्तरे आहेत. नोंदणी अधिकाऱ्याने हस्तांतरणाची माहिती कळवावी, अशी तरतूद संहितेच्या कलम १५४ मध्ये आहेच. संगणकीय जोडणीमुळे ही माहिती पोहोचण्यातील विलंब घटला. परंतु दुय्यम निबंधकाच्या दप्तरात कमिट झालेली गोष्ट महसुली दप्तरात केवळ प्रलंबित म्हणून दाखल होते. हा भेद राहिला आणि तो राहणेच योग्य आहे, कारण नोटीस आणि हरकत यांचा अवधी त्यातच सामावलेला आहे.

७. साम्याची मर्यादा

आतापर्यंतच्या विवेचनावरून फ्लश म्हणजे पेन्सिल आणि कमिट म्हणजे शाई असे समीकरण मांडता येते. अध्यापनासाठी ते उपयुक्त आहे. प्रणालीची रचना करताना मात्र ते शब्दशः घेतल्यास गंभीर चूक होईल.

प्रलंबित फेरफार हा डेटाबेसच्या दृष्टीने प्रलंबित नसतो. तलाठ्याने नोंद भरून जतन केली की ती ओळ कमिट झालेली असते. 'प्रलंबित' हे त्या ओळीतील स्थितीचे मूल्य असते. प्रमाणित होताना दुसरा स्वतंत्र व्यवहार घडतो आणि ते मूल्य बदलते. पंधरा दिवसांच्या हरकतीच्या अवधीसाठी डेटाबेसचा व्यवहार पंधरा दिवस उघडा ठेवता येत नाही. तसे केल्यास कुलुपे अडकून राहतील, यंत्र एकदा बंद पडले तरी नोंद नाहीशी होईल, आणि मुख्य म्हणजे ज्यांना नोटीस द्यावयाची त्यांनाच ती नोंद दिसणार नाही. दीर्घकाळ चालणाऱ्या कामांसाठी अखंड व्यवहार अपुरा पडतो, हे ग्रे यांनाही जाणवले होते. १९८७ मध्ये हेक्टर गार्सिया-मोलिना आणि केनेथ सालेम यांनी 'सागा' ही संकल्पना मांडली : मोठे काम छोट्या, स्वतंत्रपणे कायम होणाऱ्या व्यवहारांत विभागावे आणि मागे फिरायचे झाल्यास भरपाईचा व्यवहार करावा. फेरफार नोंदवही हेच काम विसाव्या शतकाच्या आरंभापासून कागदावर करीत आली आहे.

दुसरा भेद प्रमाणिततेचा. डेटाबेस कमिट करताना केवळ घालून दिलेले नियम तपासतो. मंडल अधिकारी हरकत ऐकतो, कागद पाहतो आणि निर्णय देतो. त्या निर्णयाविरुद्ध कलम २४७ नुसार अपील आणि कलम २५७ नुसार पुनरीक्षण होऊ शकते. म्हणजे कायद्यातील 'कायम' हा शब्द यंत्रातील 'कायम' या शब्दापेक्षा सौम्य आहे. अपिलात नोंद रद्द झाली तरी मूळ फेरफार नाहीसा होत नाही. त्या आदेशाची नवी नोंद होते.

तिसरा भेद दृश्यतेचा. फ्लश झालेला बदल इतरांपासून लपवणे हे डेटाबेसचे कर्तव्य मानले जाते. पोस्टग्रेसक्यूएल तर मागणी केली तरी दुसऱ्याचा अपूर्ण बदल दाखवत नाही. फेरफाराच्या बाबतीत अपूर्ण बदल सर्वांना दाखवणे हेच कर्तव्य आहे. एकीकडे अपूर्ण माहितीवर कोणी विसंबू नये म्हणून ती झाकली जाते, आणि दुसरीकडे कोणाचा हक्क नकळत बुडू नये म्हणून ती उघड केली जाते.

निष्कर्ष

वरील विवेचनातून पुढील निष्कर्ष निघतात. पहिला, नोंद लिहिणे आणि नोंद कायम होणे यांतील भेद संगणकाने निर्माण केलेला नाही. मराठी राज्यातील मोर्तब, पेढीवरील कीर्द-खतावणी आणि महसुली फेरफार या सर्वांत तो स्पष्टपणे आढळतो. दुसरा, ओआरएम सत्रातील स्मृतीतील बदल, फ्लश आणि कमिट या तीन अवस्था वेगवेगळ्या शिकवल्या पाहिजेत आणि प्रत्येक साधनाची पूर्वनियोजित रीत विद्यार्थ्यांना स्पष्टपणे सांगितली पाहिजे. तिसरा, तांत्रिक कमिट आणि व्यवहारातील अंतिम मान्यता या दोन पातळ्या आहेत. जी माणसांच्या नोटीस, हरकत आणि निर्णयावर अवलंबून आहे, ती पातळी डेटाबेसच्या उघड्या व्यवहारात नव्हे, तर नोंदीच्या स्थितीत आणि बदलांच्या क्रमवार इतिहासात जपली पाहिजे.

इतिहासाच्या अभ्यासकांसाठीही यात एक सूचना आहे. सनद, फेरफार किंवा खरेदीखत यांवरील तारीख वाचताना ती घटनेची, लेखनाची की मान्यतेची, हे आधी ठरवावे लागते. साताऱ्याच्या वा सांगलीच्या दप्तरातील दोन कागद परस्परविरोधी वाटतात तेव्हा पुष्कळदा त्यांतील एकही खोटा नसतो. ते एकाच व्यवहाराच्या दोन वेगळ्या अवस्थांचे साक्षीदार असतात. ज्या विद्यार्थ्यांच्या हातून उद्याची भूमी अभिलेख प्रणाली घडणार आहे, त्यांना हा भेद कळणे हा केवळ अभ्यासक्रमाचा भाग नाही. त्यांनी लिहिलेल्या आज्ञावलीत कमिट कोठे येते, यावर कोणा शेतकऱ्याचे वा कोणा बहिणीचे नाव सातबाऱ्यावर राहते की जाते, हे ठरू शकते.